अडकलेल्याला जामीन कोण? स्थानबद्ध स्थलांतरितांसाठीच्या निधीचा आढावा

बाहेरून आलेल्या माणसाला, त्याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसताना, केवळ त्याचा त्या देशात राहण्याचा हक्क तपासायचा आहे किंवा त्याला परत धाडायचे आहे एवढ्याच कारणासाठी कोंडून ठेवले जाते, तेव्हा त्या कोंडण्याला कायदा शिक्षा म्हणत नाही, स्थानबद्धता म्हणतो. हा भेद कागदावर सौम्य दिसतो, पण व्यवहारात तो त्या माणसाच्या विरुद्धच जातो. कारण शिक्षा झालेल्या कैद्याला आपली मुदत ठाऊक असते, फौजदारी खटल्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचे तत्त्व बहुतेक लोकशाही देशांनी मान्य केलेले असते, आणि स्थानबद्ध परकीयाला मात्र पुष्कळ ठिकाणी या दोहोंपैकी काहीच मिळत नाही. त्याची कमाई अटकेच्या दिवशीच थांबते, त्याचे नातलग बहुधा दूरच्या देशात असतात, आणि ज्या भाषेत त्याला प्रश्न विचारले जातात ती त्याला पुरती येतेच असे नाही. अशा माणसासाठी बाहेरच्यांनी पैसा उभा करण्याचे प्रयत्न गेली शंभराहून अधिक वर्षे जगभर होत आले आहेत, आणि त्यांतील काही महत्त्वाचे प्रयत्न महाराष्ट्रात, किंबहुना बारामतीच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यात घडलेले आहेत.

या पैशाची तीन रूपे आरंभीच वेगळी करून घेणे आवश्यक आहे, कारण ती एकमेकांत मिसळली की निधी उभारणाऱ्यांची फसगत होते. पहिले रूप वर्गणीचे: ती वकिलाच्या मोबदल्यात, प्रवासात, घरी राहिलेल्या मुलाबाळांच्या पोटापाण्यात खर्च होते आणि संपते. दुसरे रूप अनामतीचे: माणूस सुटावा म्हणून ती सरकारकडे ठेवली जाते, आणि तो ठरल्या तारखांना हजर राहिला तर ती परत येते. तिसरे रूप हमीचे: यात रोख रक्कम हलतेच असे नाही, पण कोणीतरी पत असलेला माणूस किंवा संस्था ‘हा आमचा, याचे आम्ही पाहू’ असे लिहून देते. बारामती तालुक्यातील पणदऱ्यासारख्या गावात हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. विकास सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार लागतात, ते मिळवताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो, आणि शंभराची वर्गणी हसत देणारा शेजारी जामीन राहायची वेळ आली की चार दिवस विचार करतो, हे तेथे प्रत्येक घराला माहीत आहे. स्थानबद्ध स्थलांतरितांच्या निधीचा इतिहास पाहिला तर त्यातही पैसा कमी पडण्याचे प्रसंग आहेतच, परंतु अधिक वेळा कमी पडतो तो जामीनदार, ही बाब या आढाव्यात पुन्हा पुन्हा समोर येईल.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे परकीय’ ठरवून ताब्यात घेण्यात आले, आणि त्यांच्यासाठीची मुख्य छावणी अहमदनगर येथे, म्हणजे पहिल्या महायुद्धातही जर्मन नागरिकांना जेथे ठेवले होते त्याच गावी, उघडण्यात आली. अटक करणाऱ्यांनी पासपोर्ट पाहिला, माणूस पाहिला नाही. त्यामुळे नाझी राजवटीचे समर्थक आणि त्याच राजवटीच्या छळामुळे घरदार सोडून मुंबईला आलेले ज्यू डॉक्टर, दंतवैद्य, अभियंते व व्यापारी एकाच तारेच्या कुंपणाआड गेले. पुढे ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही डेहराडूनला नेला जाण्यापूर्वी अहमदनगरच्याच छावणीत होता. १९४० च्या उन्हाळ्यात युरोपातील युद्ध भडकल्यावर ज्यांना पूर्ण मोकळे सोडायचे नाही पण कडक पहाऱ्यातही ठेवायचे नाही अशा माणसांसाठी, विशेषतः कुटुंबांसाठी, ‘पॅरोल’ केंद्रे काढण्यात आली. म्हणजे ठरावीक हद्दीत राहायचे, हजेरी द्यायची आणि परवानगीवाचून बाहेर जायचे नाही, अशी व्यवस्था. यांपैकी दोन केंद्रे सातारा आणि पुरंदर येथे होती. गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यधामासाठी पुरंदरच्या माचीवर बांधलेल्या इमारतींत आता मध्य युरोपातून परागंदा झालेली कुटुंबे दिवस मोजत राहू लागली. पुरंदर म्हटले की मुरारबाजी आणि १६६५ चा तह आठवणाऱ्या मराठी मनात या कुटुंबांना अद्याप जागा मिळालेली नाही, ही खंत येथे नोंदवणे अस्थानी ठरू नये.

या माणसांच्या पाठीशी उभी राहिलेली संस्था म्हणजे १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ज्युइश रिलीफ असोसिएशन. तिच्या कामाचा क्रम अभ्यासण्याजोगा आहे, कारण अटकेनंतर धावाधाव करून पैसा गोळा करणारी ती संस्था नव्हती, अटकेच्या पाच वर्षे आधीपासून ती चालू होती. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ज्यूंच्या घरांवर व प्रार्थनामंदिरांवर देशभर हल्ले झाल्यावर भारतात येऊ पाहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही अशी हमी दिल्याशिवाय त्याला प्रवेश द्यायचा नाही असे धोरण हिंदुस्थान सरकारने धरले. ही हमी असोसिएशनने दिली. मुंबईतील सधन बगदादी ज्यू घराण्यांचे दान तिच्यामागे होते, कलकत्ता व मद्रास येथे तिच्या शाखा निघाल्या, आणि तिने दिलेला शब्द सरकारदरबारी चालतो अशी पत तिने कमावली. म्हणून १९३९ च्या अटकांनंतर स्थानबद्धांची एकेकाची चौकशी करण्यासाठी सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा कोण निर्वासित आहे आणि कोण नाझींचा हस्तक हे सांगू शकणारी विश्वासाची संस्था आधीच अस्तित्वात होती, आणि बहुतेक ज्यू स्थानबद्ध काही महिन्यांत सुटू शकले. १९४० नंतरच्या दुसऱ्या फेरीत काहींना पुन्हा केंद्रांत जावे लागले हे खरे. तरीही पहिल्या फेरीतील सुटकेचे श्रेय जमवलेल्या रकमेपेक्षा आधीच मिळवून ठेवलेल्या विश्वासार्हतेला अधिक जाते. ज्यांच्यामागे अशी संस्था नव्हती त्यांना एखाद्या वजनदार माणसाच्या रदबदलीवर विसंबावे लागले. शांतिनिकेतनात इंग्रजी शिकवणारे अ‍ॅलेक्स आरॉनसन यांच्या सुटकेसाठी खुद्द रवींद्रनाथांना पत्रे लिहावी लागली. रवींद्रनाथ मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत.

याच काळाला लागून असलेला वळिवडे येथील पोलिश निर्वासितांचा प्रसंग अनेकदा या संदर्भात सांगितला जातो. १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या त्या वसाहतीत सुमारे ५,००० पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध राहिले; परंतु तेथील खर्च मुख्यतः लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारच्या तिजोरीतून येई आणि ते लोक पाहुणे होते, बंदिवान नव्हते, त्यामुळे तो आश्रयाच्या इतिहासाचा भाग आहे, या विषयाचा नव्हे.

महाराष्ट्रात ‘बचाव निधी’ ही कल्पना मात्र याहून जुनी आहे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा बंगालमधील स्नेह्यांनी पैसे जमवून कलकत्त्याहून बॅरिस्टर पाठवले, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केल्यावर मुंबईतील धनिक मंडळी जामीन राहिली. वर्गणी आणि जामीनदार यांचे काम तेव्हाही वेगळे होते. टिळक अर्थातच आपल्याच भूमीत होते. परक्या भूमीत अडकलेल्यांच्या बाबतीत याच काळातील सर्वांत बोलके उदाहरण कोमागाटा मारू या जहाजाचे आहे. २३ मे १९१४ रोजी ३७६ हिंदी प्रवासी घेऊन हे जहाज कॅनडातील व्हँकुव्हर बंदरात आले, परंतु मायदेशातून अखंड प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश आणि प्रत्येक आशियाई प्रवाशाजवळ २०० डॉलर असलेच पाहिजेत, या दोन अटींच्या बळावर बहुतेकांना उतरू देण्यात आले नाही. जहाज हीच दोन महिने त्यांची कोठडी झाली. किनाऱ्यावरच्या हिंदी कामगारांनी, ज्यांत लाकूड गिरण्यांतील शीख मजुरांचा भरणा होता, हुसेन रहीम आदींच्या पुढाकाराने ‘शोअर कमिटी’ स्थापन केली, सुमारे २०,००० डॉलर जमवले, जे. एडवर्ड बर्ड या वकिलाला उभे केले, आणि जहाजाच्या भाड्याचे थकलेले हप्ते भरले. जमलेल्या पैशाचा मोठा वाटा भाड्यात गेला, कारण हप्ता चुकला असता तर खटल्याआधीच जहाज हलवले गेले असते. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला, २३ जुलैला जहाज परत फिरवण्यात आले, आणि २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळच्या बजबज येथे झालेल्या गोळीबारात सुमारे २० प्रवासी मारले गेले. मजुरांनी घाम गाळून जमवलेले पैसे वाया गेले असा निष्कर्ष त्यावेळी काहींनी काढला, आणि तो अन्यायाचा होता. ती समिती नसती तर जहाजावरील माणसांना अन्नपाणीही मिळाले नसते, आणि त्या अन्यायाची न्यायालयीन नोंदही मागे राहिली नसती, जिच्या आधारे २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांना संसदेत माफी मागणे भाग पडले.

गोवा मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे यांचे प्रकरण स्थलांतरिताचे नव्हे, पण दूरच्या तुरुंगातील माणसासाठी मराठी समाजाने किती काळ तग धरला याचे ते माप आहे. १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती सापडलेले रानडे पुढे लिस्बनजवळच्या तुरुंगात नेले गेले, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही तेथेच राहिले, आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी वर्षानुवर्षे खपून चळवळ चालवली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना घातलेली गळही या प्रकरणात प्रसिद्ध आहे.

आजच्या काळात या निधीचा सर्वांत गुंतागुंतीचा आणि म्हणून सर्वांत विस्ताराने पाहण्याजोगा भाग अमेरिकेतील आहे. तेथील इमिग्रेशन कायद्यानुसार, ज्याला स्थानबद्ध ठेवणे सक्तीचे नाही अशा माणसाला अनामत घेऊन सोडता येते. तिला तेथे ‘बाँड’ म्हणतात आणि तिची किमान रक्कम १,५०० डॉलर आहे, प्रत्यक्षात मात्र ती बहुधा याच्या कैक पट ठरवली जाते. ही रक्कम फौजदारी खटल्यांतल्याप्रमाणे दहावा हिस्सा भरून भागत नाही, ती पूर्ण भरावी लागते, आणि भरणारा माणूस अमेरिकेत कायदेशीर दर्जाने राहणारा असावा लागतो. याचा अर्थ असा की बारामतीतल्या बापाने शेत गहाण ठेवून सगळी रक्कम उभी केली तरी ती भरायला तेथे एक जामीनदार लागतोच. माणूस सर्व तारखांना हजर राहिला आणि प्रकरण संपले, मग निकाल त्याच्या बाजूने लागो वा विरुद्ध, की रक्कम व्याजासह भरणाऱ्याला परत मिळते. एक तारीख चुकली तर ती जप्त होते. ज्यांना पूर्ण रक्कम उभी करता येत नाही त्यांच्यासाठी खासगी कंपन्या मध्ये पडतात, परत न मिळणारे शुल्क घेतात, आणि त्यांतील एका कंपनीने तर पायात यंत्र अडकवून दरमहा भाडे वसूल केल्याबद्दल २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक-संरक्षण यंत्रणेने व तीन राज्यांनी तिच्यावर दावा लावला. हातउसने देऊन गळ्याला फास लावणारा सावकार मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. तोच तेथे दुसऱ्या वेशात भेटतो.

या लुबाडणुकीवर उपाय म्हणून अमेरिकेत ‘बाँड फंड’ निघाले, आणि त्यांची घडण मराठी वाचकाला भिशीवरून चटकन समजेल. अनेकांनी थोडे थोडे टाकून गंगाजळी उभी करायची, एकाची अनामत भरायची, त्याचे प्रकरण संपून रक्कम परत आली की तीच दुसऱ्यासाठी वापरायची. भिशीहून फरक इतकाच की येथे पैसा टाकणाऱ्याचा नंबर कधीच लागत नाही आणि लागू नये अशीच त्याची इच्छा असते. या फिरत्या पैशाची गती न्यायालयाच्या गतीवर अवलंबून असते. प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली की गंगाजळी गुंतून पडते आणि रांग वाढत जाते. शिवाय केवळ अनामतीने भागत नाही. अमेरिकी कायदा इमिग्रेशन न्यायालयात वकील ठेवण्याचा हक्क देतो, पण सरकारच्या खर्चाने नव्हे. २००७ ते २०१२ या काळातील बारा लाखांहून अधिक प्रकरणांच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की एकूण प्रकरणांपैकी ३७ टक्क्यांत वकील होता, तर स्थानबद्धांपैकी केवळ १४ टक्क्यांना तो मिळाला होता. ज्याला वकिलाची सर्वाधिक गरज, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये स्थानबद्ध स्थलांतरितांना सार्वजनिक पैशातून वकील देण्याची योजना सुरू केली. लोकवर्गणीने जे काम तुटपुंजे होते ते करदात्यांच्या पैशाने नियमित करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय.

भारतीयांच्या संदर्भात दोन प्रसंग विशेष महत्त्वाचे आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात ओरेगन राज्यातील शेरिडन येथील तुरुंगात सुमारे १२० आश्रयार्थी पुरुष आणून ठेवले गेले, त्यांत सुमारे ५० भारतीय, बहुतांश शीख होते. पंजाबी जाणणारे दुभाषे, धर्मादाय वृत्तीने काम करणारे वकील, आणि सुटलेल्या माणसाला तुरुंगाच्या दारातून घरी नेऊन जेवू घालणारी स्थानिक कुटुंबे यांची साखळी तेथे तयार झाली, आणि काही महिन्यांत ते लोक बाहेर आले. दुसरा प्रसंग जानेवारी २०१९ चा: अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उघडलेल्या फार्मिंग्टन नावाच्या बनावट विद्यापीठात नाव घातलेल्या १३० विद्यार्थ्यांना पकडण्यात आले आणि त्यांपैकी १२९ भारतीय होते, बहुतेक तेलुगू भाषक. अमेरिकेतील तेलुगू संघटना तातडीने वकील घेऊन उभ्या राहिल्या, कारण त्यांच्याकडे संमेलनांपलीकडचे, संकटकाळी चालणारे संघटन होते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि त्याची अधिवेशने मोठ्या थाटात होतात. अडकलेल्या माणसासाठीची कायमची गंगाजळी हे अशा मंडळांचे नैसर्गिक काम ठरावे. मराठी माणूस अशा संकटात सापडतच नाही असे मानण्याला आता आधार उरलेला नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला आणलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्राचे होते.

२०२५ मध्ये या निधींपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने, तपासणीवाचून देशात शिरलेल्यांना अनामतीवर सोडण्याचा अधिकारच इमिग्रेशन न्यायाधीशांना नाही, असा निर्णय दिला. अनेक केंद्रीय जिल्हा न्यायालयांनी ही भूमिका नाकारली, पण तो दिलासा मिळवण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्रपणे ‘देहोपस्थिती’चा अर्ज, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणून कोंडण्याचे कारण सांगा असा अर्ज, करावा लागू लागला. त्यामुळे फिरणाऱ्या अनामतीचे महत्त्व घटून न परतणाऱ्या वकीलखर्चाचे वाढले, आणि भिशीसारखा चालणारा निधी पुन्हा वर्गणीकडे झुकला.

आखाती देशांतील चित्र याहून वेगळे आहे. तेथे माणूस बहुधा कर्ज, न वठलेला धनादेश, मुदत संपलेला परवाना किंवा मालकाने केलेली पळाल्याची तक्रार यांमुळे अडकतो. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२५ च्या आरंभी परदेशांतील तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय होते आणि त्यांत सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांचा वाटा सर्वांत मोठा होता. यांच्यासाठी भारत सरकारने २००९ मध्ये ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ स्थापन केला. दूतावासात पासपोर्टपासून दाखल्यापर्यंत जी कामे होतात त्यांवर आकारलेल्या लहानशा शुल्कातून तो भरतो, आणि गरजू भारतीयाचा वकील, किरकोळ दंड, परतीचे तिकीट, तात्पुरता निवारा यांवर तो खर्च करता येतो. भावनेच्या लाटेवर विसंबणारा हा निधी नव्हे. प्रत्येक व्यवहारातून थोडी कपात करून तो बारमाही वाहता ठेवलेला आहे, आणि म्हणूनच तो अधिक भरवशाचा आहे. त्याची दुबळी बाजू अशी की तो असल्याचे रत्नागिरीच्या किंवा इंदापूरच्या घरी कोणाला ठाऊकच नसते.

याच्या अगदी उलट टोकाला केरळचे उदाहरण आहे. सौदी अरेबियात देहदंडाची शिक्षा झालेल्या कोळिक्कोडच्या एका चालकासाठी मृताच्या कुटुंबाने मागितलेली ‘दिया’, म्हणजे रक्ताची भरपाई, एप्रिल २०२४ मध्ये लोकवर्गणीतून जमली, आणि ती रक्कम सुमारे ३४ कोटी रुपये होती. त्यामुळे देहदंड रद्द झाला, परंतु सुटका लगेच झाली नाही, कारण कुटुंबाने माफ केले तरी राज्याचा स्वतःचा दावा वेगळा उरतो. पैशाने जीव वाचला आणि तरी दार उघडले नाही. ही मर्यादा वर्गणी मागतानाच देणाऱ्यांना सांगणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण ठरले असते, आणि सांगूनही केरळने वर्गणी दिली असती यात शंका नाही.

परदेशांतील या कहाण्या वाचताना होणारी कालवाकालव आपल्या देशात अडकलेल्यांच्या बाबतीत तितकीच व्हायला हवी. भारतातील परकीयांच्या स्थानबद्धतेचा आधार दीर्घकाळ १९४६ चा परकीय नागरिक कायदा हा होता, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने घेतली. आसामात परकीय ठरवलेल्या माणसांना वर्षानुवर्षे गोलपारा, तेजपूर, सिलचर आदी तुरुंगांतच वेगळ्या कक्षांत ठेवले जाई. १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे पूर्ण झालेल्यांना सशर्त सोडण्याची मुभा दिली, परंतु प्रत्येकी एक लाख रुपयांचे दोन भारतीय जामीनदार हवेत अशी अट घातली. ज्याची सारी बिरादरी मोलमजुरीवर जगते त्याला असे दोन जामीनदार कोठून मिळणार? १३ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या सावटात, न्यायालयाने मुदत दोन वर्षांवर आणि रक्कम ५,००० रुपयांवर आणली, आणि मग सुटकेचा वेग वाढला. या कामात मुंबईची ‘सिटिझन्स फॉर जस्टिस अँड पीस’ ही २००२ मध्ये स्थापन झालेली संस्था उतरली; तिच्या कार्यकर्त्यांचे मुख्य काम जामीनदार शोधणे, त्यांच्या जमिनीचे कागद तपासून घेणे आणि त्यांना कचेरीपर्यंत नेऊन आणणे हे होते. १९३९ च्या मुंबईने पत पुरवली होती, २०२० च्या मुंबईने पायपीट पुरवली.

महाराष्ट्रातही हा प्रश्न दारात आला आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडून बांगलादेशच्या सीमेपार ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीय नागरिक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. कोंडलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो कोणत्याही देशाचा असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठीची समिती तालुका न्यायालयाच्या आवारातच असते. पण त्या समितीपर्यंत अर्ज नेऊन देणारे कोणी नसेल तर हा हक्क पुस्तकातच राहतो.

पणदरे आणि भोवतालचा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा हा स्वतः स्थलांतरितांच्या श्रमावर उभा आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूरकडील कारखान्यांच्या हंगामात अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात, आणि नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजले जाते. या मजुराला मुकादमाकडून आगाऊ रक्कम मिळते तिला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटली नाही म्हणून मजुराला किंवा त्याच्या घरच्या माणसाला डांबून ठेवल्याच्या तक्रारी ऊसपट्ट्यात दर काही वर्षांनी पोलिसांपर्यंत जातात. हे लोक परदेशी नाहीत, आणि त्यांना सरकारनेही कोंडलेले नसते. तरीही परक्या गावात, ओळखीच्या माणसावाचून, पैशापायी अडकलेला माणूस तो हाच, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे त्याच्याकडून ते कर्ज वसूलच करता येत नाही. म्हणून गावाने कळवळून वर्गणी काढून उचल फेडणे हा येथे चुकीचा मार्ग आहे. त्याने बेकायदा दावा मान्य केल्यासारखे होते. येथे गरज असते तहसीलदारापुढे त्या कुटुंबाबरोबर उभे राहणाऱ्या दोन स्थानिक माणसांची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटन १० रुपये घेण्याची तरतूद झाली, ती दूतावासातील शुल्कासारखीच बारमाही निधीची कल्पना आहे, आणि अशा अडकलेल्यांच्या तातडीच्या मदतीला त्यातील वाटा राखून ठेवणे त्या महामंडळाच्या हेतूशी सुसंगतच होईल. मात्र कपातीचा मार्ग संमतीशिवाय चालत नाही, हेही या पट्ट्याला ठाऊक आहे: २०२५ च्या हंगामापूर्वी पूरग्रस्तांसाठी प्रतिटन रक्कम घेण्याच्या निर्णयावर, मदतीविषयी कोणाचे दुमत नसतानाही, केवढा वाद झाला.

शेवटी व्यवहाराचा भाग उरतो, आणि सद्हेतूने सुरू झालेले निधी बहुधा येथेच अडखळतात. गावातील तरुण परदेशात अडकला म्हणून मंडळाने किंवा मित्रपरिवाराने लोकांकडून पैसे जमवायचे ठरवले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे त्याची रीतसर नोंद करणे शहाणपणाचे. गणेशोत्सव मंडळे हाच मार्ग वापरतात, त्यामुळे तो कोणाला अनोळखी नाही. जमलेली रक्कम परदेशी पाठवताना रिझर्व्ह बँकेची जी उदारीकृत योजना आहे, ज्यात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, ती केवळ भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी आहे, संस्थेसाठी नाही, आणि १० लाख रुपयांच्या पुढे पाठवलेल्या रकमेवर बँक कर आगाऊ कापून घेते. म्हणून पैसा शेवटी कोणा एका नातलगाच्या खात्यातून जातो, तिकडे तो कोणा एका परिचिताच्या नावावर अनामत म्हणून बसतो, आणि दोन-तीन वर्षांनी प्रकरण मिटल्यावर व्याजासह परत येतो तोही त्या परिचिताच्याच नावावर. तोवर वर्गणी देणारे तिला विसरलेले असतात आणि सुटलेला माणूस दुसऱ्या शहरात गेलेला असतो. परत आलेली ही रक्कम भरणाऱ्याची, सुटलेल्याची, त्याच्या घरच्यांची की ज्या शेकडो माणसांनी पन्नास-शंभर दिले त्यांची, याचे उत्तर कायदा देत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी, पावतीपुस्तक छापतानाच, पावतीच्या तळाशी एका ओळीत छापून टाकावे लागते: परत आलेली अनामत पुढच्या अडकलेल्या माणसासाठी राखून ठेवली जाईल.